त्या संध्याकाळी बंदूक ठाण्यात होती

बाबांची बंदूक माझ्या शिलाई मशीनच्या तेलावर चालायची. मी ब्लाउज शिवते. मसुऱ्याहून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. ओटीवर माझं मशीन आणि मशीनच्या खणात तेलाची बाटली. महिन्यातून एकदा बाबा ती न विचारता उचलून न्यायचे. घरापुढच्या खळ्यात चटईवर बसून एकनळी बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीत वाकवून नळी उघडायची, काठीला फडकं बांधून नळीतून फिरवायचं, तेलाचे चार थेंब सोडायचे. बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. भात पोटरीत आलं की रानडुकरं उतरायची आणि काजूला बोंडं धरली की माकडं. बाबांनी माकडाला मारलेलं मी कधी पाहिलं नाही, ते हवेत बार काढायचे. तरी नळीत काळं साचायचं, आणि त्या जळक्या दारूचा वास मला माझ्या मशीनच्या तेलाइतकाच ओळखीचा होता.

विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा नेहमीसारखी नोटीस आली, बंदुका ठाण्यात जमा करा. बाबांनी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळली, मी स्कूटर काढली, आणि आम्ही दोघं गेलो. ठाण्याच्या एका खोलीत कोपऱ्याला वीसेक बंदुका उभ्या करून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर पावसाळ्यात छत्र्या ठेवतात तशा. हवालदारांनी आमच्या बंदुकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर नंबर घातला आणि पावती दिली. बाबांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून पावती मी वाचून पाहिली. नाव, परवान्याचा नंबर, तारीख, शिक्का, सगळं बरोबर होतं.

त्यानंतर आठव्या दिवशी, मतदान तीन दिवसांवर आलेलं असताना, आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा खून झाला.

ते आमच्या खळ्यात कितीतरी वेळा बसून गेलेले. किनाऱ्यावरच्या जमिनी बाहेरच्यांना विकू नका, असं गावोगाव सांगत फिरायचे. त्यामुळे समोरच्या पक्षात होते तितकेच शत्रू त्यांना स्वतःच्या पक्षातही होते, असं लोक बोलायचे. दिवेलागणीला ते एका सभेहून परतत होते. व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, मोरीपाशी रस्त्यावर फांदी आडवी पडलेली दिसली, म्हणून गाडी थांबली. फांदी ओढायला ते स्वतः ड्रायव्हरबरोबर उतरले. झाडीतून एकच बार आला आणि छातीत बसला. ड्रायव्हरला फक्त झुडपं हललेली दिसली.

दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. रस्त्यावर माणूस नव्हता, बाजारात मासळी आली नाही. आई सारखी दाराकडे बघत होती. बाबा मात्र जरा सुटल्यासारखे म्हणाले, "बंदूक आपल्याकडे नाय तां बरां. आसती तर पयले आपल्याच दारात इले असते."

निकाल लागून आठवडा झाल्यावर आम्ही बंदूक परत आणली. या वेळी खोलीत दुसरेच हवालदार होते. बाबांनी वहीत सही केली, पावती कोणी मागून घेतली नाही, आणि वहीत काय लिहिलंय ते दोघांपैकी कोणी वाचलं नाही. घरी आल्यावर बाबांनी चटई घातली, बंदूक मोडली आणि तसेच बसून राहिले. मी ओटीवरून उतरले. नळीतून तो वास येत होता. आत काळं होतं, आणि बाहेरून कोणीतरी नळीला खोबरेल चोळलं होतं. बाबांनी बंदूक साफ करून दिली होती, ती माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या तेलाने. बंदुकीला खोबरेल आमच्या घरात कोणी लावलं नसतं.

आई म्हणाली, हात लावू नका, आधी कोणाला तरी दाखवा. बाबा म्हणाले, कोणाला दाखवायची? ज्यांच्याकडून आणली त्यांनाच?

मग त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ठाण्यात कोणीतरी उडवून बघितली आसतली. तू गप रव." आणि त्यांनी बाटली मागितली. मी ती आणून दिली. त्यांनी नळी आतून बाहेरून इतकी स्वच्छ केली की नवी वाटावी. फडकं चुलीत टाकलं.

ती बाटली मी द्यायला नको होती, हे मला तेव्हाही थोडं कळत होतं.

दोन महिन्यांनी तपास बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी आसपासच्या सगळ्या परवान्याच्या बंदुका मागवल्या, प्रयोगशाळेत पाठवल्या, आणि पावसाच्या तोंडावर बाबांना बोलावणं आलं. मी बरोबर गेले. अधिकारी सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि शाळेत शिकवतात तसं समजावून सांगितलं. छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही. पण घोडा ओढला की बंदुकीतली पिन काडतुसाच्या पितळी बुडावर आदळते आणि तिथे बारीक खड्डा पडतो. प्रत्येक पिनचा खड्डा वेगळा. मोरीपाशी एक रिकामं काडतूस सापडलं होतं. त्याचा खड्डा आणि आमच्या बंदुकीतून प्रयोगशाळेने उडवलेल्या काडतुसांचे खड्डे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर ते जुळले. तज्ज्ञाने लिहून दिलं होतं की, ते काडतूस याच बंदुकीतून उडालं आहे, याबद्दल शंका नाही.

बाबा ठाण्यात बोलतात त्या शुद्ध मराठीत, सावकाश म्हणाले, "साहेब, ही बंदूक मोडल्याशिवाय रिकामं काडतूस बाहेर पडत नाही. बार एकच झाला म्हणता. दुसरा भरायचा नव्हता, तर तो माणूस तिथं उभा राहून बंदूक कशाला मोडेल?"

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. एवढं मात्र खरं की त्यांनी ते लिहून घेतलं.

"आणि त्या संध्याकाळी बंदूक तुमच्याकडेच होती," असं म्हणून बाबांनी पावती काढली. अधिकाऱ्यांनी पावती बघितली, शेजारची ठाण्याची नोंदवही उघडली आणि आमच्याकडे फिरवली. वहीत आमची बंदूक जमा झाल्याची तारीख खुनाच्या दुसऱ्या दिवसाची होती. म्हणजे वहीच्या हिशेबाने त्या संध्याकाळी बंदूक आमच्या घरात होती. अधिकारी म्हणाले, मूळ पावती ठेवून जा, तपासावी लागेल. बाबा ती पुढे करत होते; मी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, आधी वकिलांना दाखवते. असं बोलायची माझी रीत नव्हती. शिवणकामाखेरीज कुठल्या गोष्टीत मी ठाम बोलल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात बाबांना अटक झाली. बंदूक मारेकऱ्याला दिल्याचा आरोप, आणि मारेकरी म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुणाला धरलं होतं. त्याला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. बाबा तीन आठवडे आत होते. जामिनावर सुटून आले तेव्हा जेवताना पानाभोवती हात धरून बसू लागले, कोणी ताट ओढून नेईल तसे.

ते आत असताना गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ दुपारचे आमच्याकडे आले. देवस्थानच्या कामात पुढे असणारे, बाबांना लहानपणापासून ओळखणारे. आईने सोलकढी दिली. पाऊस, लावणी, आंब्याचं झालेलं नुकसान, सगळं बोलून झालं. उठताना त्यांनी मला विचारलं, पावती नीट ठेवली आहेस ना? मी हो म्हटलं. खंय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सोलकढीचा पेला उचलून आत नेला.

"जपून ठेव हां," ते चपला घालता घालता म्हणाले. "आपल्याकडच्या पावसात कागद टिकणत नाय. वाळवी कदी लागात, सांगाक येवचा नाय."

ते चांगल्या आवाजात बोलले होते, म्हणून आई म्हणाली की काळजीपोटी म्हणाले असतील. पण त्या दिवसापासून मी पावती अंगावर ठेवू लागले, ब्लाउजच्या आत प्लॅस्टिकच्या पाकिटात. गिऱ्हाइकं कमी होत गेली. मापं देऊन गेलेल्या बायका न शिवलेली कापडं परत न्यायला यायच्या, त्याही एकेकट्या, आणि अंगणातूनच बोलायच्या. खालच्या रस्त्याला एक मोटारसायकल अधूनमधून उभी असायची. तिच्यावरचा माणूस फोनवर बोलत असायचा. तो आमच्यासाठीच उभा होता असं मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

आमच्या वकीलबाईंनी कोर्टाकडून काडतूस दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून घेतलं. तिथला अहवाल यायला वर्ष गेलं. त्यात लिहिलं होतं, खड्ड्यांमध्ये सारखेपणा आहे, पण काडतुसाचं बूड गंजलेलं असल्याने ठाम मत देता येत नाही. पहिल्याने शंका नाही म्हटलं होतं, दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. वकीलबाई खूश झाल्या. मला मात्र पहिलाच अहवाल खरा वाटत होता, आणि हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. नळीतला वास मी घेतला होता. काडतूस आमच्याच बंदुकीतलं असणार. ती ठाण्यातून काढून कोणीतरी त्या मोरीपाशी नेली होती, किंवा कुठेतरी उडवून नुसतं काडतूस तिथे आणून टाकलं होतं. दोन्हींपैकी काहीही झालं असलं, तरी खोलीची किल्ली कोणाकडे तरी होती.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी मी बाबांना म्हटलं की मी वासाचं आणि खोबरेलाचं सांगणार. ते काजूची रोपं पिशव्यांत भरत होते.

"साफ कित्याक केलंत म्हणून माका इचारतले," ते म्हणाले. "काय सांगू? भियालंय म्हणून?"

"तां खरांच आसा, बाबा."

"खोटां सांग म्हणूक नाय मी. इचारल्याशिवाय सांगा नको, इतक्याच."

ओरोसच्या जिल्हा कोर्टात वकीलबाईंनी मला पावतीबद्दलच विचारायचं ठरलं होतं. कधी गेलात, कोणी लिहिली, तारीख तुम्ही वाचली का? मी सगळं सांगितलं. आणखी काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी सहज विचारलं. बाबा मागे आरोपींच्या बाकावर होते. मी वळून बघितलं नाही. बंदूक परत आली तेव्हा नळी काळी होती, जळक्या दारूचा वास होता, आणि तिला खोबरेल लावलेलं होतं, असं मी सांगितलं. सरकारी वकील उठले. त्यांनी विचारलं, तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला दारूचा वास कसा कळतो? मी म्हटलं, त्या बंदुकीला लागणारं तेल माझं असायचं. मग त्यांनी विचारलं, ती साफ करायला तुम्ही मदत केलीत का? मी हो म्हटलं. न्यायाधीशांनी मोठ्याने सांगायला लावलं, म्हणून मी ते पुन्हा सांगितलं.

पावतीवर सही करणारे हवालदार तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी सही आपली असल्याचं मान्य केलं, तारखेचं मात्र आठवत नाही म्हणाले. वहीतली ती नोंद वेगळ्या शाईत असल्याचं निघालं. पण ती कधी आणि कोणी लिहिली, हे ठरलं नाही. शेवटी बाबा सुटले, तो तरुणही सुटला. खून कोणी केला ते निकालपत्रात कुठेच नव्हतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर आमचे लोक बाबांना घेऊन गाडीकडे गेले. मी मागे राहिले होते. पुढाऱ्यांची बायको एका बाजूला उभी होती, बरोबर कोणी नव्हतं. खटल्याच्या प्रत्येक तारखेला ती यायची, पण आम्ही कधी बोललो नव्हतो. तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"तू खरां सांगलंस, तां माका पटलां," ती म्हणाली. "पण एक सांग गो. मगे कोणी मारल्यान तेंका?"

माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं ते मी आत सांगून आले होते, आणि ते तिच्या काही कामाचं नव्हतं. ती छत्री उघडून उन्हात निघून गेली.

बाबा माझ्याशी दीड महिना बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले तेही शेतातल्या कामापुरतं, आणि कोर्टाचा विषय आम्ही काढत नाही. परवाना त्यांनी परत करून टाकला. आता ते डबा वाजवून माकडं हाकतात, आणि बंदूक गेली हे माकडांना कळून चुकलंय.

निकालाविरुद्ध सरकारचं अपील झालं आहे. वकीलबाई म्हणतात, लगेच काही होत नाही, वर्षं जातील. मूळ पावती कोर्टात आहे. गेल्या मंगळवारी तिठ्यावरच्या दुकानदाराने मला हाक मारून सांगितलं की दोन माणसं गाडीतून आली होती आणि आमच्या घराची वाट विचारत होती. ब्लाउज शिवायला टाकायचेत, म्हणाले. बरोबर बाई नव्हती, कापडही नव्हतं. त्याने त्यांना मुद्दाम खालची वाट दाखवली, जी आमच्याकडे न येता नदीकडे जाते. ते अजून आमच्याकडे आलेले नाहीत.