वर्तुळाच्या खालचा माणूस

माझं काम म्हणजे कॉम्प्युटरची चिप का बिघडली ते शोधणं. कारखान्यात ज्याला विचारावं तो सांगतो की माझ्या टप्प्यावर सगळं ठीक होतं, आणि तरी समोरच्या ट्रेमध्ये बिघडलेली चिप पडलेली असते. इतकी वर्षं हे केल्यावर घरीही मी तशीच ऐकते. नवरा म्हणतो, तुला कोणी दूध संपलं सांगितलं तरी तू फ्रिज उघडून बघतेस. खरं आहे. बघते.

त्यामुळे काका पहिल्यांदा ते बोलले तेव्हा माझा विश्वास बसला नाही, यात नवल काहीच नव्हतं.

काका म्हणजे आमच्या चँडलरच्या मराठी मंडळींतले सगळ्यांत जुने. शिकायला म्हणून ॲरिझोनात आले ते इथेच राहिले. पुलांची डिझाइनं करत निवृत्त झाले. काकू जाऊन तीन-चार वर्षं झालेली, मुलगा न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला. गणपतीच्या जेवणाला माझ्या स्कायडायव्हिंगवरून थट्टा चालली होती. मुलं कॉलेजला गेली आणि हिला पंख फुटले, वगैरे. मीही हसत होते. तेवढ्यात काका वरणभात कालवता कालवता म्हणाले, "आम्ही आठ जण उडी मारायचो. हवेत हात धरून वर्तुळ करायला."

मग कोणीतरी मोदक वाढायला आलं आणि विषय बदलला. पुढच्या वेळी भेटले तेव्हा मी मुद्दाम विचारलं. ते सांगायला लागले. युनिव्हर्सिटीजवळ एक क्लब होता, सैन्यातून विकायला निघालेली गोल पॅराशूटं होती, पोटावर दुसरं पॅराशूट बांधायचे. तोपर्यंत क्लबातल्या कोणाला सहा जणांपेक्षा मोठं वर्तुळ जमलं नव्हतं, म्हणून आठ जणांचं करायचं ठरलं. हे सगळं बरोबर होतं. पण बरोबर तपशील टीव्हीवरूनही मिळतात. शिवाय एकदा ते म्हणाले विमानाचं दार उजवीकडे होतं, नंतर एकदा डावीकडे. वर्तुळ झालं का असं विचारलं की "झालं ना" म्हणायचे आणि चहाचा कप उचलायचे. त्या कप उचलण्यावर माझा विशेष संशय होता.

नंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. तो इथेच जन्मलेला, मला ताई म्हणतो आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये बोलतो. बाबांनी गॅस चालू ठेवला होता, नेहमीच्या दुकानात जाताना रस्ता चुकले होते, आणि आता ही विमानातून उड्या मारल्याची गोष्ट. आईने आयुष्यात कधी याचा उल्लेख केला नव्हता. डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं की बाबा कधी न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगतात का. त्यांना न्यू जर्सीला घेऊन जावं का, हे त्याला ठरवायचं होतं. त्याने मला विनंती केली की तुला यातलं कळतं, तर खरं काय ते तू शोध.

मी हो म्हटलं. म्हणजे आता काकांकडे जाऊन चहा पिणं हेही माझं कामच झालं. मी सहज विचारल्यासारखे प्रश्न विचारायचे आणि मनात टाचण करायचे. उंची कशावर बघायचात? विमानातून शेवटी कोण निघायचं? काका शांतपणे उत्तरं द्यायचे. एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर चिवड्याची बशी ठेवली आणि विचारलं, "त्याने सांगितलंय ना तुला?"

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले.

"विचार, विचार," ते म्हणाले. "मीही त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं." पण त्यानंतर तेही माझ्याशी जपून बोलायला लागले. दोघंही एकमेकांना जोखत बसायचो.

आम्ही उड्या मारतो ते मैदान दक्षिणेला, वाळवंटात आहे. तिथे हिवाळ्यात एक शनिवार जुन्या लोकांचा असतो. पूर्वी उड्या मारणारे म्हातारे जमतात, बर्गर खातात आणि आठवणी सांगतात. काकांना घेऊन जायचं मी ठरवलं. त्यांना सांगितलं की ऊन छान असेल, या. मनात हेतू वेगळा होता, आणि तो त्यांना कळला नसेल असं मला वाटत नाही. तरी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

तिथल्या आठवणी ऐकताना माझा त्या म्हाताऱ्यांवरही विश्वास बसेना. एकाच उडीत शेवटचा हात आपणच धरला असं तिघांनी सांगितलं. वारा दर वेळी वाढत होता, ढग खाली येत होते. शेवटी काठी घेतलेला, पांढऱ्या दाढीचा एक आजोबा बोलायला लागला आणि मी सावध झाले. त्याने नाव घेतलेला क्लब काकांचाच होता. क्लबाच्या पहिल्या सात जणांच्या वर्तुळाबद्दल तो सांगत होता. सहाच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, किती शनिवार फुकट गेले, आणि मग एका सकाळी सात जण हात धरून खाली आले. उतरल्यावर कोणीतरी बिअर आणली आणि सगळे मातीत बसून रडले.

सात. काका आठ म्हणत होते.

मी पुढे जाऊन त्याला विचारलं, तुमच्यात कोणी भारतीय होता का?

त्याने जराही विचार केला नाही. "नाही. असता तर मला आठवला असता."

काका शेजारच्या टेबलावर लेमोनेड घेऊन बसले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही, त्या माणसाकडे बघितलं नाही. पेला थोडा पुढे सरकवला, एवढंच. परत येताना गाडीत फक्त एसी कमी कर म्हणाले.

माझ्या लेखी प्रश्न मिटला होता. वाईट वाटत होतं, पण मिटला होता. मुलाला कसं सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते, तोच दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. ते काचेच्या नळकांड्यात वारा सोडून माणसं तरंगवतात ना, तिथे मला घेऊन चल, म्हणाले. विंड टनेल. लहान मुलांचे वाढदिवस होतात तिथे. मला वाटलं, आता हे नाटक शेवटपर्यंत रेटायचं ठरवलेलं दिसतंय. तरी नेलं. खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. नवखा माणूस त्या वाऱ्यात हातपाय झाडतो, ते लपत नाही.

त्यांचे खांदे आणि रक्तदाब यांची चौकशी झाली. ट्रेनर मुलगी तिशीची असेल. तिने त्यांना गुडघे किती वाकवायचे, हात कसे ठेवायचे ते दाखवलं. काकांनी सगळ्याला मान डोलावली. ढगळ सूट आणि हेल्मेट घालून ते दारात उभे राहिले आणि पुढे झुकले.

तिने दाखवलेलं त्यांनी काहीच केलं नाही. छाती पुढे काढली, मान पार मागे टाकली, दोन्ही हात ताणून पसरले आणि पाय फाकवले, बेडकासारखे. पहिल्या झोक्याला ते काचेवर जाऊन आदळले. तिने त्यांना मध्ये आणलं आणि सोडलं. ते थांबले. त्या वाऱ्यावर, तसेच, मान मागे टाकून. मग डावा हात जरासा खाली केला आणि सावकाश वळले.

आज असं कोणी उडत नाही. आम्हाला कोणी असं शिकवलेलं नाही. मी हे फक्त क्लबहाउसच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोंत पाहिलं होतं. ट्रेनर बाहेर आली तेव्हा तिने मला विचारलं की हे कुठे शिकले, कारण ही पद्धत बंद होऊन खूप काळ झाला. मी सांगितलं, मला माहीत नाही. आणि तेव्हा ते खरंच खरं होतं.

काका बाकावर बसून धापा टाकत होते. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर ते आपण होऊन बोलायला लागले.

"मी आठवा होतो. सगळ्यांत शेवटी निघालो. शेवटच्याला सूर मारून गाठायला लागतं, तुला माहीत आहे. मी फार जोरात गेलो आणि मला थांबताच आलं नाही. त्यांच्या बाजूने सरळ खाली गेलो."

हे आमच्यात होतं. एकदा खाली गेलात की वर येता येत नाही. मलाही झालंय.

"मग?"

"मग काय. पाठीवर वळलो आणि बघत राहिलो. ते वर, मी खाली. सात जण. एका बाजूला फट होती, दोन हात एकमेकांजवळ येत होते. तेवढ्यात पॅराशूट उघडायची उंची आली, म्हणून परत पालथा झालो."

घरी का सांगितलं नाही, हे मी विचारलं. शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा, त्याने हे पत्रात लिहिलं असतं तर वडिलांनी पुढच्या विमानाने परत बोलावलं असतं, म्हणाले. लग्न झाल्यावर सांगायला गेलो असतो, पण काय सांगणार? सगळ्यांनी वर्तुळ केलं आणि मी खाली पडलो? क्लबात त्यानंतर ते गेलेच नाहीत.

कारखान्यात आम्ही एक चूक पुनःपुन्हा करतो. प्रश्न चुकीचा विचारतो आणि उत्तर बरोबर आलं म्हणून फाइल बंद करतो. पुढच्या वीकेंडला मी त्या दाढीवाल्या आजोबाला मैदानावर गाठलं आणि भारतीय हा शब्दच काढला नाही. विचारलं, त्या दिवशी वर्तुळात यायचं होतं पण येऊ शकलं नाही असं कोणी होतं का?

तो काठीच्या मुठीवर बोटं फिरवत राहिला. हो, म्हणाला, एक पोरगा होता. काटकुळा, युनिव्हर्सिटीतला. दगडासारखा खाली गेला. नंतर कुंपणापाशी उभा होता, आमच्यात आला नाही. पुन्हा कधी दिसलाच नाही. मग माझ्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "आम्हाला तो मेक्सिकन वाटायचा," तो म्हणाला. "कोणी विचारलंच नाही."

मी त्या दोघांना मैदानावरच पुन्हा भेटवलं. काका यायला तयार नव्हते. माफीबिफी मागणार असेल तर मला नको, म्हणाले. पण आजोबाने माफी मागितली नाही. तो खुर्ची ओढून काकांच्या समोर बसला, आणि दोघं आधी विमानाबद्दल बोलले. दार उजवीकडे होतं की डावीकडे, यावर त्या दोघांचंही एकमत होईना. मग तो पुढे झुकला.

त्या दिवशी कॅमेरा नव्हता, तो म्हणाला. खालून दुर्बिणीने बघणाऱ्याला सूर्य आडवा आला. आम्ही सात जण एकमेकांचे चेहरे बघत होतो, वर्तुळ कोणालाच दिसलं नाही. आमच्यातले पाच गेले. "तू एकट्याने ते पाहिलंस. कसं दिसत होतं?"

काकांनी हाताने हवेत आकार काढला. गोल नव्हतं, म्हणाले, नवशिक्याने लाटलेल्या पोळीसारखं होतं, एका बाजूला ओढलेलं. पोळी म्हणजे काय ते मी सांगितलं. आजोबा हसला. मग हसणं थांबवून त्याने विचारलं, "पण बंद झालं होतं ना? माझ्या बाजूला?"

काका थांबले. फार नाही, पण थांबले. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"झालं होतं," ते म्हणाले. "पूर्ण बंद."

आजोबाने डोळे पुसले आणि काठी टेकत बर्गर आणायला गेला. दोघांसाठी.

परतीच्या रस्त्यावर मला राहवेना. मी म्हटलं, काका, तुम्ही मला फट होती म्हणाला होतात. तुम्ही पालथे झालात तेव्हा हात लागलेलेच नव्हते.

"मी पालथा झाल्यावर लागले असतील की."

"पण तुम्ही पाहिलं नाहीत."

"नाही पाहिलं," ते म्हणाले. "तू होतीस का तिथे?"

मी नव्हते. पुढचा सगळा रस्ता मी तेच घोळवत राहिले. ज्याने इतकी वर्षं खोटं बोलायचं टाळून गप्प बसणं पत्करलं, तो आज एका म्हाताऱ्यासाठी खोटं बोलला का? की बाकावर धापा टाकताना मला सांगितलेलंच चुकीचं आठवलं होतं? हे तपासायला माझ्याकडे कुठलंही यंत्र नाही.

मुलाला मी फोन करून सांगितलं की गोष्ट खरी आहे. मग त्याने गॅसबद्दल विचारलं. तेही खरं आहे, मी म्हटलं. त्या आठवड्यात मी स्वतः त्यांच्याकडचा चालू बर्नर बंद केला होता.

उन्हाळ्यात काका वेस्ट विंडसरला गेले. जाण्याचा निर्णय त्यांनीच घेतला, निदान मला तसं सांगितलं. आजोबा दर रविवारी त्यांना फोन करतो. काय बोलतात ते दोघंही मला सांगत नाहीत. मी विचारलं तर काका म्हणतात, काही नाही गं, हवापाण्याचं.