किसनभाऊच्या दारावरचा हार

माणूस आयुष्यात एकदा तरी शेण खातो. मी मात्र ते अख्ख्या गल्लीला साक्षी ठेवून खाल्लं, आणि तेही साहित्याच्या नावानं! चहा ओता, सांगतो.

तेव्हा मी वणीच्या कॉलेजात मराठी शिकवायचो. कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, आणि खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची अशी रांग की सोमवारी गेलेला माणूस घरी कधी येईल, देव जाणे. गावात दुसरा विषयच नव्हता. अशात मला सुचलं काय, तर गावाला त्याचा वारसा दाखवायचा! वाचनालयात एका जुन्या, विसरलेल्या स्थानिक कवीचं पुस्तक सापडलं होतं. त्यांचं घर कोणतं, हे कॉलेजात एकालाही सांगता येईना. मला ते फार लागलं. ठरवलं, जुनं गाव बघत पायी फेरी काढायची आणि त्या घरावर हार चढवायचा. यापुढे गाव ते घर विसरता कामा नये!

घर कसं शोधलं म्हणता? पुस्तकात लिहिलं होतं, पाराच्या मागे, कडुनिंबाच्या सावलीत. गेलो, कडुनिंब पाहिला, घर ठरवलं. गल्लीत कुणाला विचारायचं कशाला? प्राध्यापक ना मी!

फेरीत आम्ही कॉलेजातले सहा जण. सूचना सगळ्या माझ्या: पांढरे कपडे घालायचे, दोन-दोनच्या रांगेत चालायचं, बडबड करायची नाही. पुढे मी, हातात झेंडूचा भलामोठा हार. आता तुम्ही हसताय, पण तेव्हा सहांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही हो!

निघालो. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस उठून उभा राहिला. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. एकेक जण टोपी काढून, मान खाली घालून आमच्या मागे येऊ लागला. पाराशी पोचेपर्यंत सहाचे साठ झाले. मी सद्गदित! सोबतच्या सरांच्या कानात कुजबुजलो, "बघा, आणि लोक म्हणतात इथं साहित्याची ओढ नाही."

दार शांताबाईंनी उघडलं. त्यांचे यजमान किसनभाऊ चार दिवसांपासून मारेगावच्या केंद्रावर कापसाची गाडी घेऊन रांगेत होते, ना चिठ्ठी ना निरोप. हे मला नंतर कळलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं.

"मारेगावहून आले काय जी तुमी?"

गंभीर प्रसंगी कमी बोलावं, हे मीच सगळ्यांना बजावलेलं. नुसते हात जोडले, चौकटीच्या खिळ्याला हार अडकवला आणि म्हणालो, "दोन मिनिटं शांत उभे राहू या."

शांताबाईंनी जो हंबरडा फोडला!

आयाबाया धावत आल्या, त्यांनीही सूर लावला. माझे डोळे भरून आले. कवितेसाठी एवढं कोण रडतं हो? वाकून म्हणालो, "बाई, रडू नका. अशी माणसं कुठं मरत असतात?" त्या आणखीच जोरात रडू लागल्या. कुणीतरी बांबू आणायला पळालं. मला वाटलं, कार्यक्रमासाठी मांडव घालताहेत!

शेवटी पानवाला कानाशी लागला. "सर, बॉडी कवा येऊन राह्यली?"

"कुणाची?"

"किसनभाऊची!"

"कोण किसनभाऊ?"

साठ माणसं टकामका माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात घुंगरं वाजवत रिकामी बैलगाडी गल्लीत शिरली. गाडीवर साक्षात किसनभाऊ, केसांत कापूस, मिशीत कापूस. त्यांनी गर्दी पाहिली, दारावरचा हार पाहिला आणि गाडीवरून उडीच टाकली. "माय! माही माय गेली काय व?"

ओट्यावरून म्हातारी ओरडली, "मी अठीच हाओ! तूच मेला म्हणून राह्यले ना बाप्पा!"

शांताबाई त्यांना धरून कितीतरी वेळ रडल्या. पुन्हा पुन्हा त्यांच्या हाताला, खांद्याला हात लावून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय धरायला वाकलो तर त्या मागं सरकल्या. "आंधी तो हार काढा, सर!"

काढला. कवी, पुस्तक, फेरी, सगळं अडखळत सांगितलं. मार बसणार याची खात्रीच होती. पण किसनभाऊंनाच हसू फुटलं.

"चार दिवस लायनीत उभा होतो, कोनी पानी इचारलं नाही. घरी आलो तं साठ मानसं माह्यासाठी रडून राह्यले! बसा सर. चहा घेतल्याबिगर जाचं नाही."

"हाओ, आता चूल पेटवता येते," शांताबाई डोळे पुसत म्हणाल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही ना! तेव्हा मात्र मी खरोखर रडलो.

चहा पिताना म्हातारीनं विचारलं, "मास्तर, तुमी त्या कवीचं घर पाहाले आले म्हनता, मंग अठी कायले आले? तो समोरच्या घरात राहे. अठी त्याची म्हैस बांधत."

म्हणजे हार मी गोठ्याला घातला होता!

परवा, कैक वर्षांनी, त्या पाराशी गेलो. एक अनोळखी तरुण बसला होता. भीत भीत विचारलं, "इथं एका जुन्या कवीचं घर होतं, ते कोणतं हो?"

त्यानं मान वर न करता बोट दाखवलं.

"ते काय! एका येड्या मास्तरानं जित्या मानसाच्या दाराले हार घातला होता ना, त्याच्या समोरचं."