गाणाऱ्या पोरीच्या हाती हलगी

लोककलेचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा. स्टेजवर पोरं नाचायला लागली की ही मंडळी माना डोलवतात, डोळे पुसतात, आपली संस्कृती, आपला देश म्हणतात आणि घरी जाऊन स्वतःच्या पोरीला कथ्थकच्या क्लासला घालतात. घाला की, कोण नको म्हणतंय? पण मग दुसऱ्याच्या पोरीनं काय वाजवायचं हे तुम्ही कशाला ठरवता?

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट आहे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होणार होती आणि कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या शाळांना देशप्रेमाचं भरतं आलं होतं. मलाही आलं होतं, खोटं कशाला बोलू. भिंतीवर रंगवलेला तिरंगा बघून माझ्या अंगावर काटा यायचा.

घरात आम्ही चौघं. वडील वायरमन, आई, मी आणि आजोबा. आमचं मूळ गाव मुरगूडच्या पुढं, वेदगंगेच्या काठाला. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टी असायची, आणि वडील त्यात कोरसला. पार्टीची पेटी वर्षातनं एकदा तरी बिघडायचीच. मग ती पेटीवाल्या चाचांच्या दुकानात न्यायची. चाचांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, तिच्यात पेट्यांचे भाते, पट्ट्या, स्क्रू आणि मधोमध चाचा. चौथीत असताना मी वडिलांबरोबर तिथं गेले आणि उभ्याउभ्या गुणगुणत राहिले. चाचांचा हात थांबला.

"परत म्हण," ते म्हणाले. मी म्हटलं. मग वडिलांकडं वळून म्हणाले, "उद्यापासून शाळेच्या आधी पाठव हिला. फी-बी काय नको. पण दांडी मारली तर परत दारात उभी करणार न्हाय."

चार वर्षं मी दांडी मारली नाही. पहिलं वर्षभर त्यांनी मला एक सा धरायला लावला. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा फसवतोय. दुसऱ्या वर्षी ते रिकाम्या पेटीच्या झाकणावर पेचकसानं ठोके धरायचे आणि मी गाता गाता मांडीवर हातानं ताल द्यायचा. चुकलं की ठोका थांबायचा. बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. त्या बघण्यापेक्षा छडी परवडली असती. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं माझी हीच मेहनत दिवसाढवळ्या चोरीला गेली.

तर आमच्या शाळेचा संघ मुंबईच्या मोठ्या कार्यक्रमाला निवडला गेला. चाळीस मुली. आधी एक देशभक्तीचं गाणं, ते एकीनं पुढं उभं राहून म्हणायचं, आणि मग महाराष्ट्राच्या लोककला. लेझीम, कोळीनाच, पोवाडा आणि हलगी. गाण्याच्या बाईंनी चित्रकलेच्या वर्गात एकेकीचा आवाज ऐकला. माझं गाणं संपल्यावर बाकावरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, त्यांना नको म्हणून सांगितलेलं असताना. बाईंनी चष्मा काढला.

"गोड आहे हो गळा," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यासाठी मी एक खास काम ठेवलंय. तू हलगी वाजवायची. उद्या घरनं घेऊन ये."

"आमच्या घरी हलगी नाही, बाई."

"अगं, लाजतेस काय? आता ती राष्ट्राची कला आहे. अभिमान वाटला पाहिजे तुला."

मी परत सांगितलं, खरंच नाही. बाई हसल्या. त्यांना वाटलं पोरगी लपवतेय. चाळीस मुलींत बाईंनी एकीला तरी विचारलं का, तुझ्या घरी हलगी आहे का म्हणून? नाही. फक्त मला. आणि पुढं उभं राहून गायचं काम एका डॉक्टरांच्या मुलीला मिळालं. ती माझ्या बाकावरचीच, स्वभावानं गरीब. तिचा यात काही दोष नाही. वरच्या स्वराला तिचा आवाज चिरकायचा आणि ती माझ्याकडंच बघायची.

शेवटी शाळेनं कुठनं तरी हलगी आणवली. पावसाळ्याचे दिवस, कातडं सादळलेलं. सादळलेली हलगी बोलत नाही, ती जाळावर शेकावी लागते. शिपाईमामा शेडच्या कडेला रद्दीचा जाळ करून द्यायचे आणि मी हलगी धरून बसायची. कातडं तापलं की तिचा आवाज असा काही खणखणीत निघायचा की मी सगळं विसरायची. हेही खरं सांगून टाकते, मला हलगी आवडली. तिसऱ्या दिवशी माझा हात बसला. चार वर्षं मांडीवर ताल दिलेला हात तो, बसणारच.

बाईंनी मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. मी वाजवून दाखवलं. दोघांनी तोंडात बोट घातलं आणि बाई म्हणाल्या, "बघा सर, शिकवावं लागलं नाही. रक्तातच असतं यांच्या."

माझ्या कानशिलात मारली असती तरी चाललं असतं. माझ्या रक्तात काय आहे हे यांना कुणी सांगितलं? रोज सकाळी झोपेतनं उठून, पावसात छत्री उलटी होत असताना त्या जिन्याखालच्या खोलीत जाणारी कोण होती, माझं रक्त? डॉक्टरांच्या मुलीनं चांगलं गायलं की तिची मेहनत, आणि मी चांगलं वाजवलं की माझी जात. पण तेव्हा मी काही बोलले नाही. मुंबईला जायचं होतं ना. हलगी तर हलगी, म्हटलं. आणि घरी सांगितलं की मी संघात आहे, काय करते ते सांगितलं नाही.

ते फार दिवस लपलं नाही. हलगीची बारीक काडी डाव्या हातात असते आणि त्याच हातानं हलगीही सावरायची असते. त्यामुळं तर्जनीच्या मुळाशी काडी घासते आणि तिथं वळ उठतो. रविवारी दुपारी जेवताना मी आजोबांपुढं पाण्याचा तांब्या केला. त्यांनी तांब्या घेतला नाही, माझा हात धरला. वळावरनं अंगठा फिरवला.

"कुणाची हलगी वाजवतीस?"

बाकी कुणालाही तो वळ कळला नसता. आईला वाटलं होतं, विळी लागली. मी सगळं सांगून टाकलं. आजोबा ओरडले नाहीत. जेवण संपवलं, हात धुतला आणि मग मला समोर बसवून पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांच्या तरुणपणी आमची माणसं गावच्या वरातीपुढं हलगी वाजवायची. वाजवायचं सगळ्यांच्या पुढं आणि जेवायचं सगळ्यांच्या शेवटी, लांब बसून, भाकरी वरनं टाकलेली. धम्म घेतला तेव्हा वस्तीनं बैठक घेतली आणि घराघरातल्या हलग्या वेदगंगेत सोडल्या. आजोबा विशी-बाविशीचे. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता म्हणे. गावानं वस्तीला दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, रानात काम बंद केलं. आजी डोक्यावर दळण घेऊन कागलच्या वाटेला चालत जायची. तरी परत कुणी हलगी हातात धरली नाही.

"वाजवायला मलाबी आवडायचं की," आजोबा म्हणाले. "हलगी वाईट न्हाय, पोरी. 'तूच वाजीव' म्हणत्यात ते वाईट."

दुसऱ्या दिवशी ते पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर शाळेत आले. ऑफिसात मुख्याध्यापक होते, बाईंनाही बोलावलं. मुख्याध्यापक फार गोड बोलले.

"आजोबा, तो जमाना गेला. आता हलगीला मान आहे. दिल्लीपर्यंत जाते हलगी."

"मान हाय न्हवं?" आजोबा म्हणाले. "मग तुमच्या डॉक्टरसायबांच्या पोरीला द्या की त्यो मान. आमची गाईल. कायम आमालाच कशाला मान?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी जातपात मानत नाही. मी कुणाची जात बघून काम दिलेलं नाही."

"मग आमच्या घरात हलगी हाय हे तुमाला कुणी सांगितलं, बाई?"

मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला आणि म्हणाले की नावं मुंबईला कळवून झालीत, आता बदल होणार नाही. वाजवायची असेल तर जायचं, नसेल तर नाव कमी करू.

आजोबा माझ्याकडं वळले. "मी काय सांगणार न्हाय. मुंबई तुझी हाय. तू ठरीव."

मी तेरा वर्षांची होते. मी तोवर समुद्र बघितला नव्हता. संघातल्या सगळ्या मुलींना नऊवारी लुगडी मिळणार होती आणि आगगाडीत माझी जागा डॉक्टरांच्या मुलीशेजारी ठरली होती. तरी मी म्हणाले, "गायला मिळणार असेल तर मी जाईन, सर."

त्यांनी माझं नाव कमी केलं. बाहेर आल्यावर मी शिपाईमामांच्या शेडमागं जाऊन ढसाढसा रडले. आजोबा जवळ उभे राहिले, पण उगी म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

आता पुढची गंमत ऐका. हलगी रिकामी झाली तेव्हा एवढा मान असलेलं वाद्य घ्यायला एकही मुलगी पुढं आली नाही. आया शाळेत येऊन सांगून गेल्या, आमच्या मुलीला लेझमीतच राहू द्या. मग बाईंनी हलगीची कॅसेट आणली. मुंबईला स्टेजवर एका मुलीच्या गळ्यात पुठ्ठ्याची, सोनेरी कागद चिकटवलेली हलगी अडकवली आणि स्पीकरवर कॅसेट लावली. हे मला डॉक्टरांच्या मुलीनंच परत आल्यावर सांगितलं. लोकांनी म्हणे उभं राहून टाळ्या वाजवल्या. राष्ट्राची कला, पुठ्ठ्याची.

संघ मुंबईला होता तेव्हा इकडं शाळेत पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन होतं. मी जाणार नव्हते. आजोबांनी उठवलं.

"बाईंचा राग झेंड्यावर काढतीस व्हय? त्यो काय बाईंनी आणलाय? ऊठ."

गेले. पाऊस भुरभुरत होता. शाळेत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते ऐनवेळी आलं. माइकसमोर उभं राहून राष्ट्रगीत धरणाऱ्या सगळ्या मुली मुंबईला गेलेल्या. मुख्याध्यापकांनी रांगांवरनं नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी बोटानं खूण केली, इकडं ये, माइकजवळ. त्यांना वाटलं असणार, पोरगी धावत येईल.

मी जागची हलले नाही. त्यांनी परत बोलावलं, या वेळी नावानं. सगळी शाळा माझ्याकडं बघायला लागली. वर्गशिक्षिकांनी मागनं ढोसलं. झेंडा वर गेला, दोरी सुटली, फुलं पडली. आता कुणी तरी सुरुवात करायलाच हवी होती. मोकळ्या माइकसमोर कुणी उभं नसलं की राष्ट्रगीत भलत्याच वरच्या पट्टीत सुरू होतं आणि मध्यात सगळ्यांचे गळे फाटतात, हे मला माहीत होतं. मी डोळे मिटले, चाचांनी वर्षभर धरायला लावलेला सा मनात धरला आणि आठवीच्या रांगेतनं, माझ्या जागेवरनं, सुरू केलं. मोठ्यानं. माझ्या पुढच्या मुलीनं उचललं, मग रांगेनं, मग सगळ्या मैदानानं. एकही गळा फाटला नाही. ते गाणं माझं होतं आणि देशही माझा होता. तो मला कुणी काम म्हणून नेमून दिलेला नव्हता.

संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. चांगलं म्हटलंस, असं काही ते म्हणाले नाहीत. बोलावल्यावर आली का नाहीस, एवढंच विचारलं. "गुण आहे, पण उद्धटपणा फार," असं म्हणून त्यांनी मला वर्गात पाठवलं.

ते ही गोष्ट विसरले असतील असं मला वाटलं होतं. दहावी झाल्यावर शाळा सोडल्याचा दाखला हातात आला. त्यात वर्तणुकीचा एक रकाना असतो. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या दाखल्यावर 'उत्तम' होतं. माझ्या दाखल्यावर 'बरी' होतं. आजोबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि दाखला नीट घडी घालून माझ्या हातात दिला. पुढं कॉलेजात, गाण्याच्या परीक्षांना, जिथं जाईन तिथं तो दाखला दाखवावा लागला.

कोल्हापुरातल्याच दुसऱ्या एका शाळेत संगीत शिक्षिकेच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले, तेव्हा आजोबा हयात नव्हते. टेबलापलीकडं तीन माणसं. गाऊन दाखवलं, ते त्यांना आवडलं. मधल्या गृहस्थांनी कागद चाळले आणि एका जागी थांबले.

"मार्क चांगले, गळा चांगला. पण वर्तणूक नुसती 'बरी'? असं काय केलं होतंत हो शाळेत?"

"राष्ट्रगीत म्हटलं होतं," मी म्हणाले.

तिघंही खळखळून हसले. त्यांचं हसणं संपेपर्यंत मी थांबले.