फोनसमोर सावधान

माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. हल्ली मिलिटरीचे डॉक्टर त्यांना व्हिडिओ कॉलवरच तपासतात. पडद्यावर वर्दी दिसली की सासरे ताडकन उभे राहतात, आणि डॉक्टरांना दिसतात फक्त शर्टाची बटणं.

"बसा, सुभेदारसाहेब. गुडघा काय म्हणतोय?"

"एकदम ठीक, साहेब!"

दुखणं सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी तक्रारच. पूर्वी इस्पितळातही ते हेच सांगत असणार. तेव्हा सासूबाई दाराबाहेर बाकावर असायच्या. आता मध्ये दार नाही. मेथी निवडता निवडता त्यांनी फोन स्वतःकडे वळवला.

"डॉक्टर, बाथरूममध्ये उठता-बसता हे कण्हतात हो. कुणी ऐकू नये म्हणून नळ सोडतात."

त्यांनी फोन परत सासऱ्यांकडे वळवला. सासरे हळूच खाली बसले. बटणांच्या जागी त्यांचा चेहरा आला.