स्नेहाच्या बाथरूमची खिडकी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, लेकीजवळ नाही. आणि आता बोलायला बसले, तरी — तुम्हाला खरं वाटेल का? — ते हात माझेच होते यावर माझाच विश्वास बसत नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या लॉबीत एक फळा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यावर मीच लिहिते. पावसाळ्यात कुंड्यांखालचं पाणी फेका, पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात उतरू नका. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना भरदुपारी बाहेर पाठवू नका. आणि थंडीत — गॅस गीझर लावाल तेव्हा बाथरूमची खिडकी उघडी ठेवा. विषारी वायू कोंडतो, वास येत नाही, माणूस कधी कोसळला ते कळतही नाही. लोक फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. "बाई, तुम्ही आहात म्हणून आम्ही सावध." मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

माझ्याच मजल्यावर माझा दुसरा एक छोटा फ्लॅट आहे. तो मी स्नेहा आणि प्रसादला भाड्यानं दिला होता. चिपळूणची पोरं, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. स्नेहा बालवाडीत शिकवायची. दुपारी आली की माझ्या दारात उभी राहून वर्गातल्या मुलांच्या नकला करायची, आणि मी हसून हसून खाली बसायचे.

त्या फ्लॅटच्या बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे. पूर्वी तिथून कबुतरं आत शिरायची. म्हणून, ही पोरं यायच्या आधी, मी पट्ट्यांच्या बाहेरून प्लॅस्टिकची पारदर्शक शीट लावून घेतली होती. चारही बाजूंनी पक्की चिकटवलेली. उजेड यायचा, हवा नाही. आतून पट्ट्या उघडल्या तर कुणालाही वाटावं, खिडकी उघडी आहे. नंतर त्याच बाथरूममध्ये मी गॅस गीझर बसवला. शीट मला आठवली नाही — असं म्हणू? की आठवली होती, आणि काढू कधीतरी म्हणून सोडून दिली? खरं सांगते, मला माहीत नाही.

जानेवारीतली सकाळ होती. प्रसाद दार बडवत होता, "स्नेहा! स्नेहा!" आम्ही सगळे धावलो. शेजाऱ्यांनी बाथरूमची कडी तोडली. स्नेहा खाली पडलेली, नळ वाहतोय, तोंडावर केस चिकटलेले. तिला चादरीत गुंडाळून प्रसादनं रिक्षात घातलं. जाताना माझ्याकडे बघून ओरडला, "काकू, तिचे कपडे घेऊन या!"

मी कपडे घ्यायला म्हणून आत गेले. आणि गेले कुठे? बाथरूममध्ये.

पट्ट्या उघड्या होत्या. पूर्ण उघड्या. त्यांच्या मागे माझी शीट, वाफेनं धुरकट झालेली.

  आणि मग माझे हात चालायला लागले. मी दोन पट्ट्या सरकवून काढल्या, बाहेर हात घातला, शीट ओढून आत घेतली. पट्ट्या परत बसवल्या. आणि मग — हेच मला सांगायचंय — मग मी त्या बंद केल्या. एकूण एक. नीट. शीट घरी नेऊन पलंगाखाली सरकवली. मुलगी जगतेय की नाही हे माहीत नव्हतं, आणि मी पट्ट्या बंद करत होते! कोण होती ती बाई?

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, खिडकी उघडी होती का? प्रसाद म्हणाला, घाईत मी पाहिलंच नाही. मी म्हणाले, "बंद होती. आत्ताच बघून आले."

प्रसादनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "किती वेळा सांगितलं होतं हिला!"

स्नेहा वाचली. पण पूर्वीची स्नेहा राहिली नाही. बोलता बोलता थांबायची, साधा शब्द सापडायचा नाही. बालवाडी सुटली. चिपळूणहून सासू आली. स्नेहा अंघोळीला गेली की सासू दार उघडं ठेवायला लावायची आणि बाहेर स्टूल टाकून बसायची. एकदा स्नेहा मला हळूच म्हणाली, "काकू, मी पट्ट्या उघडल्या होत्या. मला आठवतंय असं वाटतं."

मी काय म्हणाले असेन? "होतं गं असं. रोजची सवय असते ना, म्हणून उघडल्यासारखं वाटतं."

तिनं मान हलवली. तिला पटलं. माझ्यावर विश्वास होता तिचा.

आणि त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं — 'एका क्षणाचा निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो.' तिचं नाव नव्हतं. गरज नव्हती. सगळ्यांना कळलं.

पुढे ती कांदिवलीला राहायला गेली. शीट मी केव्हाच कचऱ्यात टाकली होती. फ्लॅटमध्ये विजेचा गीझर बसवला. कुणी कधी काही विचारलं नाही. एका शब्दानं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिला मुलगी झाली आहे. थांबत थांबत, शब्द शोधत, बाळाचं सगळं सांगितलं — केस किती, रंग कुणाचा, कुणावर गेलीय. मग म्हणाली, "सासूबाई बाळाची अंघोळ माझ्याकडे देत नाहीत, काकू. म्हणतात, तुझा काही भरवसा नाही. बाळाला घेऊन मी बाथरूममध्ये जायचंच नाही." आणि मलाच विचारलं, "बरोबरच आहे ना त्यांचं?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. ती ऐकत होती. मागे बाळ कुरकुरत होतं.

मी म्हणाले, "हो गं. बरोबर आहे त्यांचं."