गेटवरची काडेपेटी

आमचं हॉटेल आधी कापसाची जिनिंग मिल होतं. गेटवरचे काका तवा तिथंच कामाला होते. कापूस पटकन पेटतो, म्हणून आत जाताना काडेपेटी गेटवर द्यायची, हा मिलचा नियम. काका तो अजूनबी पाळायचे. सिगरेटवाला गेस्ट दिसला की हात पुढं, "साहेब, काडेपेटी."

मी रिसेप्शनवरून हसायचो, "काका, आत आता एसी हाय, कापूस नाय."

एकदा काका म्हणले, "तुझ्या पाठीमागची काळी भिंत बघ, बाबा. तिथं माझे तीन सोबती जळाले."

मला ती डिझाइन वाटायची.

गेस्टला मात्र काकांच्या काडेपेटी मागण्याची लई मजा वाटली. आता हॉटेलच त्यांना काडेपेटी देतं, काकांच्या हातावर ठेवून फोटो काढायला. काल काकांनी हात मागं बांधले. मॅनेजर म्हणला, "हात पुढं करा, नायतर उद्यापासून येऊ नका."

काकांनी हात पुढं केला.