जुन्या पुलाखाली
ओल्या शेवाळाचा वास आला, की मला तो जुना पूल आठवतो. तेव्हा मी परभणी जिल्ह्यात सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते. परतीच्या पावसाचा पूर ओसरल्यावर पुलाच्या खांबाला भेग दिसली आणि मी त्याच सकाळी पूल बंद केला. ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रॅक्टर काठावर खोळंबले. डिझेलचा धूर, रडणारी लेकरं आणि सगळ्यांच्या पुढं गावच्या सरपंचबाई. "मॅडम, इतक्या वर्षांत काई झालं न्हाई, आजच काय व्हायलंय?" मी म्हणाले, "ताई, माझ्याबरोबर खाली चला." चिखल तुडवत आम्ही दोघी पुलाखाली गेलो. त्यांनी भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. तेवढ्यात वर एक ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. पदर खोचून त्या धावतच काठ चढल्या आणि ट्रॅक्टरसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "मागं घे! मी सांगायलेय, मागं घे!" सगळे लांबच्या रस्त्यानं गेले. मग त्या मला म्हणाल्या, "बंद करायला भेला न्हाईत, आता नवा मागायला बी भिऊ नका." मी भ्याले नाही. नव्या पुलाची उंची वाढवून मागितली, पायी जाणाऱ्यांसाठी कठड्याची वेगळी वाट मागितली. बैठकीत वरिष्ठांनी वाटेवर काट मारली, तेव्हा सरपंचबाई माझ्या शेजारी उभ्या राहून बोलल्या आणि दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या. परवा मी त्या नव्या पुलावरून चालत गेले. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती आणि शाळेच्या पोरी कठड्याच्या आतून गप्पा मारत घरी निघाल्या होत्या.